मदत हवी आहे : नव्याने पेरलेली हरळी आणि तण यांतला फरक कसा ओळखावा?

नमस्कार. पुण्यातील आमच्या सोसायटीच्या हिरवळीचा एक मोठा पट्टा जलवाहिनीच्या खोदकामात उखडला गेला. तेथे माती सपाट करून, शेणखत मिसळून पावसाळ्याच्या तोंडावर हरळीचे बी पेरले. आता सगळीकडे कोंब दिसत असले, तरी त्यांतले ठेवायचे कोणते आणि उपटायचे कोणते, हे ठरवणे कठीण झाले आहे.

केना, घोळ, दुधी ही रुंद पानांची तणे सहज ओळखू येतात. लव्हाळ्याचा फुलोऱ्याचा दांडा बोटांत फिरवला की त्याच्या तीन धारा जाणवतात. उपटल्यावर त्याची गाठ जमिनीतच राहते आणि पुन्हा फुटते, हा वैताग निराळा. खरी अडचण गवतवर्गीय तणांची आहे. वाढलेल्या हरळीचे पाते जेथे खोडाला बिलगते, तेथे बारीक पांढऱ्या केसांची कड भिंगातून दिसते, तर रान नाचणीचा बुंधा चपटा आणि पांढुरका असतो. परंतु दोन-तीन पानांच्या रोपांत ही लक्षणे खात्रीने सापडत नाहीत.

इतक्या कोवळ्या अवस्थेत नेमकी कोणती खूण पाहावी, की हरळीचे फुटवे जमिनीवर पसरू लागेपर्यंत थांबावे? थांबल्यास रान नाचणी जागा बळकावेल, ही भीती वाटते. माळीकाका तणनाशक सुचवतात, पण कोवळ्या हरळीवर ते मारणे मला पटत नाही. कोणाकडे दोन्ही रोपांची जवळून काढलेली छायाचित्रे असल्यास कृपया द्यावीत.