ग्राउंड बदललं की टीमचा खेळ बदलतो का?

परळचा स्टॉपर
रविवारी अंडर-१६ ची फुटबॉल मॅच हरल्यावर पोरं म्हणाली ग्राउंड खराब होतं, तर आजूबाजूचे सगळे हसले. यात हसण्यासारखं काय आहे? आपली पोरं आठवडाभर जाळीच्या आत भाड्याच्या टर्फवर, म्हणजे नकली गवतावर, फाइव्ह-अ-साइड (पाच-पाच जणांचं) खेळतात, तिथे बॉल एका स्पीडने सरळ पळतो, आणि मॅच येते ती भर पावसात मैदानावर, पेनल्टी बॉक्समध्ये डबकं. सपाट पास दिला की बॉल अर्ध्यातच पाण्यात बसतो, विंगर तोपर्यंत पुढे निघून गेलेला असतो, आणि समोरचा स्टॉपर येऊन आरामात उडवून देतो. ज्या खेळाची सवय लावलीय तो तिथे चालतच नाही हो. मॅच ज्या ग्राउंडवर आहे तसल्या ग्राउंडवर प्रॅक्टिस द्या, मग पोरांची लायकी काढा.

कुर्ल्याचा विंगर
नाही पटलं भाऊ. चिखल दोन्ही टीमला सारखाच ना? २००७ मध्ये इंग्लंड मॉस्कोत रशियाशी २-१ हरलं तेव्हाही सगळे आर्टिफिशियल टर्फच्या नावाने ओरडत होते. अरे पण त्याच टर्फवर इंग्लंडच्या रूनीने आधी गोल मारला होता. मग बॉक्सच्या बाहेरच्या फाउलवर रशियाला पेनल्टी दिली गेली, त्यांच्या पावल्युचेंकोने ती मारली आणि लगेच दुसरा पण टाकला, यात टर्फचा काय दोष? पुढच्याच महिन्यात घरी वेम्बलीत क्रोएशियाकडून ३-२ हरले, ते तर गवत होतं.

परळचा स्टॉपर
वेम्बली तर माझ्याच बाजूचं उदाहरण आहे! त्याच्या महिनाभर आधी तिथे अमेरिकन फुटबॉलची मॅच झाली होती, ग्राउंड पार उखडलेलं, वरून पाऊस. क्रोएशियाच्या क्रांचारने लांबून मारलेला बॉल इंग्लंडचा गोली कार्सनच्या पुढ्यात टप्पा पडून हातातून आत गेला. तू सारखं गवत की टर्फ विचारतोयस, मी सवयीचं बोलतोय. नॉर्वेच्या बोडो/ग्लिम्ट क्लबने २०२१ मध्ये घरच्या टर्फवर इटलीच्या रोमाला ६-१ धुतलं ते काय उगाच?

कुर्ल्याचा विंगर
रोमाने त्या दिवशी बरेचसे राखीव प्लेयर उतरवले होते ते पण सांग ना. आणि दोन आठवड्यांनी रोममध्ये, गवतावर, त्याच बोडोने २-२ ड्रॉ काढला.

परळचा स्टॉपर
आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याच रोममध्ये ४-० खाल्ले, घरी २-१ जिंकून गेले होते तरी.

मुलींची कोच
दादा, सवयीचा मुद्दा बरोबर आहे, पण टर्फला व्हिलन करू नका. त्रास मला माहितीये, दुपारी पायाचे तळवे भाजतात, स्लाइड मारली की ढोपर सोलतं, घरी गेल्यावर बुटातून रबराचे काळे दाणे निघतात. २०१५ चा महिला वर्ल्ड कप कॅनडात अख्खा आर्टिफिशियलवर खेळवला, त्याआधी खेळाडूंनी केस केली होती आणि ती रास्तच होती, कारण पुरुषांच्या वर्ल्ड कपला कोणी असं करत नाही. पण मुंबईत पाऊस लागला की मैदानावरची प्रॅक्टिस रद्दच होते, टर्फवर निदान मुली रोज बॉलला पाय तर लावतात! २०१६-१७ ला आय-लीग ही देशातली फुटबॉल लीग जिंकणाऱ्या मिझोरमच्या ऐझॉल क्लबचं घरचं ग्राउंड आर्टिफिशियलच होतं.

जुना गोली
मी ताईंपेक्षा वेगळं सांगतो. मुंबईची क्रिकेटची कांगा लीग १९४८ पासून पावसाळ्यात होते, ओल्या विकेटवर खेळून बॅट्समन तयार झाले हे आपणच छाती फुगवून सांगतो. मग फुटबॉलवाल्याने चिखलाची तक्रार का करावी? लांब स्टड घाला, बॉल हवेत ठेवा, गोलीने बॉल पकडायच्या भानगडीत न पडता मुठीने पंच करावा. ग्राउंड बघून खेळ बदलणं हे पण स्किलच आहे आणि ते ज्याला येत नाही त्याची टीम कमी पडली असंच मी म्हणेन.

परळचा स्टॉपर
काका, कांगावाले वर्षानुवर्षं त्याच मैदानांवर खेळून शिकले. आमच्या पोरांना तो चिखल मॅचच्या दिवशीच दिसतो, आणि अर्ध्या पोरांकडे बुटांचा एकच जोड आहे, तो पण टर्फचा, बारीक स्टडवाला. पंच कर म्हणून सांगायला निदान एक प्रॅक्टिस तरी पावसात हवी ना.

जुना गोली
मग पावसात घ्या. सकाळी सहाला मैदान रिकामं असतं, जाळी नसली तरी चालेल, दोन दगड ठेवा. गोलींना माझ्याकडे पाठवा, मी येतो.

कुर्ल्याचा विंगर
काका येणार असतील तर मी पण येतो, पण हरण्याचं कारण ग्राउंड हे मला अजून मान्य नाही.