'रिस्पेक्ट' नेमका कुठे फसवतो?

इंग्रजी शिकवणाऱ्यांनी, भाषांतर करणाऱ्यांनी, अर्ज-पत्रं तपासणाऱ्यांनी आपापल्या कामातलं सांगा. उदाहरण हवंच.

इंग्रजीची शिक्षिका: पहिली चूक मराठीतून येते. आपण मान 'देतो', म्हणून मुलं 'गिव्ह रिस्पेक्ट टू टीचर्स' लिहितात. इंग्रजीत सहसा 'शो रिस्पेक्ट' म्हणतात किंवा थेट क्रियापद वापरतात: 'रिस्पेक्ट युअर टीचर्स'. या क्रियापदाला 'टू' लागत नाही. नाम असेल तर पुढे 'फॉर' येतो: 'आय हॅव ग्रेट रिस्पेक्ट फॉर हर'. आदर या अर्थी नामाचं अनेकवचन होत नाही. 'पे युअर रिस्पेक्ट्स' म्हणजे भेटून नमस्कार करणं. मध्ये 'लास्ट' आला की अंत्यदर्शन घेणं. 'इन मेनी रिस्पेक्ट्स'मध्ये तर आदर नाहीच, नुसतं 'अनेक बाबतींत'.

अनुवादक: बाईंच्या शेवटच्या उदाहरणाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. 'रेस्पिकेरे' म्हणजे मागे वळून पाहणं, दखल घेणं. त्यातून आदरही निघाला आणि 'बाबत'ही. म्हणून दर वेळी 'आदर' लिहिलं की वाक्य लाकडासारखं होतं. कायदा पाळायचा असतो, खासगीपणा जपायचा असतो, कुणाच्या इच्छेला मान द्यायचा असतो. इंग्रजीत तिन्हीकडे 'रिस्पेक्ट'च. मी आधी मराठी क्रियापद शोधते.

पत्रव्यवहार तपासणारा: 'युअर्स रिस्पेक्टिव्हली'! स्पेलिंग बरोबर असल्यानं संगणक सहसा अडवत नाही आणि अर्जाखाली 'आपला अनुक्रमे' असं छापून जातं. हवा असतो 'रिस्पेक्टफुली'. 'रिस्पेक्टेड सर' आपल्याकडे रुळलंय, ते चुकीचं म्हणू नये. पण ब्रिटनला पत्र जाणार असेल तर 'डिअर सर' आणि शेवटी 'युअर्स फेथफुली'. मायन्यात आडनाव घातलं असेल तर 'युअर्स सिन्सिअरली'.

वकील: कोर्टात 'विथ ग्रेट रिस्पेक्ट' ऐकू आलं की पुढे मतभेद येणार हे समजावं. मराठीत 'न्यायालयाचा पूर्ण आदर राखून' हे त्याच जागी चपखल बसतं. संबोधनाबद्दल बार कौन्सिल ऑफ इंडियानं २००६ मध्ये नियम केला होता: उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात 'युअर ऑनर' किंवा 'ऑनरेबल कोर्ट', खालच्या न्यायालयांत 'सर'. तरी 'माय लॉर्ड' सुटलेलं नाही.

शिक्षिका, पुन्हा: एक राहिलं. 'रिस्पेक्टफुल' म्हणजे आदरानं वागणारा, 'रिस्पेक्टेबल' म्हणजे चारचौघांत प्रतिष्ठित. 'बी रिस्पेक्टेबल टू एल्डर्स' असं वहीत दिसलं की लाल पेन चालवा.