प्रिझ्यूम्ड कन्सेंटला मराठीत काय म्हणायचं, गृहीत संमती की मानीव संमती?

नर्सिंग आणि एमबीबीएसच्या मुलांसाठी अवयवदानावरची एक प्रश्नावली मराठीत करायला घेतलीय, इथेच सिंधुदुर्गात. मूळ प्रश्न साधा आहे, माणसाने जिवंतपणी नकार नोंदवला नसेल तर मेल्यावर त्याची अवयवदानाला संमती होती असं धरावं का. मी ‘गृहीत संमती’ लिहिलं आणि काही जणींना वाचायला दिलं, तर एकजण पटकन म्हणाली, ‘‘म्हणजे आमका गृहीतच धरतले?’’ आणि सरळ ‘असहमत’वर खूण. मग तोंडी सांगितलं की नको असेल त्याला नाही म्हणून नोंद करायची सोय असते, तर म्हणाली मग चालेल की. म्हणजे तिचा राग कायद्यावर नव्हताच, शब्दावर होता. दुसरा शब्द सुचवा कोणीतरी.

अलिबागहून

‘मानीव’ घ्या. सोसायटीत राहणाऱ्यांना मानीव अभिहस्तांतरण माहीत असतं, बिल्डर जमीन नावावर करून देत नाही तेव्हा कायदा ती दिली असं मानतो. वेल्समध्ये १ डिसेंबर २०१५ पासून आणि इंग्लंडमध्ये २० मे २०२० पासून जी पद्धत आहे तिला तिथे डीम्ड कन्सेंटच म्हणतात, त्यामुळे कायद्याच्या भाषेत मानीव संमती चपखल बसतं. ‘मूक संमती’ मात्र कृपा करून नको. मौन म्हणजे होकार असं आपण म्हणतो ते समोरच्याला विचारलंय आणि तो गप्प बसलाय तेव्हा, इथे त्या माणसाला कोणी विचारलेलंच नसतं!

रत्नागिरी जिल्ह्यातून, एमबीबीएस करतेय

काका, मानीव बरोबर असेल पण आमच्या वर्गात अर्ध्यांना कळणार नाही, ते अंदाजाने खूण करतील. आणि मला वाटतं घोळ एकट्या या शब्दाचा नाही. आमच्यात अवयवदान चांगलं का विचारलं तर सगळे हो म्हणतात, पण स्वतःचा फॉर्म भरलेला हाताच्या बोटावर मोजण्याइतक्यांनी, आणि न विचारता घ्यायचं म्हटलं की तेच लोक बिचकतात. कारण आम्ही वॉर्डात नातेवाईक बघतो ना. हायवेच्या अ‍ॅक्सिडेंटचा पेशंट व्हेंटिलेटरवर असतो, छाती हलतेय, अंग गरम आहे, आणि आम्ही सांगतो ब्रेन डेड, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलंय, माणूस गेलाय. चार डॉक्टरांचं पॅनल, कमीत कमी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, हे आम्हाला पाठ आहे पण त्या आईला ‘मेंदू मेला’ म्हणजे बाकी माणूस जिवंत असंच ऐकू येतं. कोमा आणि ब्रेन डेड एकच समजणारे तर कितीतरी. त्यात निर्णय कोण घेणार, तर मुंबईचा भाऊ आल्याशिवाय इथे कोणी काय बोलत नाही. अशा वेळी ‘तुमची संमती मानलेली आहे’ असं सांगायला मी तरी जाणार नाही, उद्या तेच लोक साध्या ऑपरेशनलाही आमच्यावर विश्वास ठेवणार नाहीत. पद्धत वाईट आहे असं नाही म्हणत मी, आधी लोकांना माहीत तर पाहिजे.

अलिबागहून

हे पटलं. शिवाय जिथे असा कायदा आहे तिथेही घरच्यांना डावलत नाहीत. स्पेनचा कायदा १९७९ चा, पण व्यवहारात नातेवाइकांशी बोलल्याशिवाय पुढे जात नाहीत आणि तिथलं यश हॉस्पिटलातल्या प्रशिक्षित समन्वयकांमुळे आहे असं त्यांचेच लोक सांगतात. उलट ब्राझीलने १९९७ ला आणला आणि लोकांचा विश्वास उडाला म्हणून पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला.

सिंधुदुर्गहून, मूळ प्रश्नवाली

ताई, तू लिहिलंस त्यावरून ठरवलं की प्रश्न फोडायचा. एकाच वाक्यात संमती, नकार आणि घरचे कोंबले तर कोण कशाला असहमत आहे ते कळणारच नाही. आणि आधी आपल्याकडे काय आहे ते दोन ओळीत द्यायचं, कारण १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे इथे होकार लागतो, स्वतःचा लेखी नाहीतर मृत्यूनंतर नातेवाइकांचा, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आयसीयूतल्या डॉक्टरने घरच्यांना विचारणं हीच जबाबदारी आहे, हे मुलांनाही नीट ठाऊक नसतं. नेत्रदानाचा प्रश्नही वेगळा काढते, डोळे घरी मृत्यू झाला तरी सहा तासांच्या आत घेता येतात, तिथे ब्रेन डेडचा संबंधच नाही.

शब्दाचं म्हणाल तर संमतीला विशेषणच लावत नाही. ‘होकार-नोंद पद्धत’ आणि ‘नकार-नोंद पद्धत’ असं लिहिलंय, मानीव संमती फक्त तळटीपेत. प्रश्न असा झालाय:

‘नकार-नोंद पद्धतीत, ज्याने जिवंतपणी नकार नोंदवलेला नाही त्याचे अवयव मृत्यूनंतर घेता येतात. अशी पद्धत भारतात असावी का?’ आणि त्याखाली वेगळा, ‘त्या वेळी घरच्यांनी नाही म्हटलं तर थांबावं का?’

रत्नागिरी जिल्ह्यातून

आता कळतंय. फक्त दुसऱ्या प्रश्नात ‘घरचे’ म्हणजे कोण ते पण लिहा, नवरा-बायको, आईवडील, मुलं. नाहीतर आमच्याकडे अख्खी वाडी घरचीच असते.