पेंद्याने वर्गात जकात मागितली म्हणून गणित बुडतं का?

खडू_आणि_डफ

काल एका पालकांची पोस्ट वाचली आणि डोक्यातून जाईना. सार इतकंच, की मुलांना भागाकार येत नाही आणि मास्तर लोककथा सांगतायत, नाटकं बसवतायत, हा शिक्षणाच्या नावाखाली टाइमपास आहे, आमच्या वेळी सगळं खडूफळ्यावर झालं. खाली शंभरेक लोकांनी "अगदी बरोबर" लिहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी सहावीला शेकडेवारी शिकवतो. दरवर्षी तेच, सूत्र पाठ असतं, वहीतलं उत्तर बरोबर असतं, पण "आधी 5 टक्के कापले, मग उरलेल्यातून परत 5 टक्के कापले, एकूण किती?" असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात "10 टक्के". यंदा मी तमाशातली गौळण घेतली. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, पुढे मावशी, वाटेत कृष्णाचा सवंगडी पेंद्या आडवा. मावशीकडे 40 लिटर दूध (बादल्यांत पाणी, पण मापं खरी), जकात शेकडा 5. पहिल्या नाक्यावर 2 लिटर मोजून दिलं. दुसऱ्या नाक्यावर पेंद्या परत म्हणतो, आण 2 लिटर. आणि मावशी झालेला पोरगा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मेल्या, दूध आता 38च राहिलंय, 2 कशाचे मागतोस?" हे मी लिहून दिलेलं नव्हतं. सगळे थांबले. हिशेब झाला 1.9, उरलं 36.1. सरळ 10 टक्के कापले असते तर 36 उरलं असतं, मग हे 100 मिली जास्तीचं आलं कुठून, यावर मधली सुट्टी संपली तरी भांडण चालू होतं.

याला टाइमपास म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की जोतीराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिलं ते नाटकच होतं. जोशी एका कुणबी जोडप्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, मधे विदूषक सगळं उघडं करत जातो आणि शेवटी ते नवराबायको रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. शिक्षणाची गरज सांगायला त्यांना निबंध लिहिता येत नव्हता का?

सरळरेषा

24 वर्षं हायस्कूलला गणित शिकवतोय, म्हणून बोलतो. तुमचं उदाहरण चांगलं आहे, पण ते गौळणीने नाही झालं, तुमच्या प्रश्नाने झालं. तोच प्रश्न मी फळ्यावर दोन ओळीत विचारतो आणि 10 मिनिटांत पुढच्या उदाहरणाकडे जातो. तुमचा पूर्ण तास गेला वर सुट्टी गेली. माझ्या वर्गात 60 पोरं आहेत, त्यातली पेंद्या-मावशी धरून बोलणारी किती, 5? बाकीच्या 55 जणांनी काय केलं, टाळ्या?

हे मी उगाच नाही म्हणत. माझी मुलगी पाचवीत असताना तिच्या शाळेने शिवकालावर नाटक बसवलं. 3 आठवडे तालीम. ही मागच्या रांगेत भाला धरून उभी, एक शब्द बोलायचा नाही. त्या 3 आठवड्यांत दशांश अपूर्णांक होऊन गेले आणि तिला ते मी घरी रात्री रात्री बसून शिकवले. तेव्हा "नाटकातून शिक्षण" म्हटलं की मला तो भाला आठवतो.

फुल्यांचं नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने, म्हणजे पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या तेव्हाच्या कमिटीने, नाकारलं हेही लिहायचं होतं ना. छापून यायला सव्वाशे वर्षं लागली. त्याने कोण शिकलं?

आणि लोककथा म्हणाल तर त्यातून नेमकं काय शिकवता? चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. भर पावसात शेजारी दारात भिजतोय आणि ही आतून "थांब माझ्या बाळाला तीट लावते". हा संस्कार?

खडू_आणि_डफ

कमिटीने नाकारलं म्हणजे नाटक फसलं? कमिटीवर कोणाची माणसं होती ते सांगायला नको. आणि ते नाटक पडून राहिलं तरी ती वाट बंद नाही झाली, पुढे फुल्यांच्याच सत्यशोधक चळवळीतले जलसे तमाशाचाच साचा घेऊन गावोगाव फिरले, कारण ऐकणाऱ्यांना वाचता येत नव्हतं. गाडगेबाबा घ्या. कीर्तनात ते लोकांना प्रश्न टाकायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. स्वतः शाळेत गेलेले नाहीत. त्यांच्यापुढे भाला धरून उभं राहणारं कोणीच नव्हतं.

तुमच्या मुलीचं मात्र वाईट वाटलं. ते गॅदरिंग होतं, शिक्षण नव्हतं.

सारवलेलं_अंगण

चिमणी-कावळ्याचा विषय निघाला म्हणून लिहिते, मूळ वाद काय आहे त्यात मला पडायचं नाही.

आमचं घर मातीचं, जमीन शेणाने सारवलेली. दर आठवड्याला आई सारवायची आणि मला त्या ओल्या वासाने झोप लागायची. पहिलीत बाईंनी ही गोष्ट अगदी नाट्यमय करून सांगितली, आवाज बदलून, कावळ्याचं घर शेणाचं म्हणताना चेहरा वाकडा करून. मागच्या बाकावरच्या मुलीने माझ्याकडे बघून नाक दाबलं. मग सगळ्यांनीच. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला म्हटलं, आपण फरशी का नाही बसवत. आई काहीच बोलली नाही, हात धुवत राहिली. मी आज 41 वर्षांची आहे, ते हात मला अजून दिसतात.

त्यामुळे "दार का उघडलं नाही" हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. शेणाचं घर वाईट आणि मेणाचं चांगलं हे आधी कोणी ठरवलं?

ओवीबंद

ताई, तुमचं वाचून गलबलून आलं. पण दोष गोष्टीचा नाही, तिला एका जागी गोठवणाऱ्यांचा आहे. माझ्या आजीच्या गोष्टीत चिमणी शेवटी दार उघडायची आणि कावळा चुलीपाशी बसून कपडे वाळवायचा. शेजारच्या काकूंच्या गोष्टीत त्याला चटका बसायचा. सांगणारी बदलली की गोष्ट बदलते, म्हणून तर ती लोककथा. पुस्तकात एक पाठ छापला, खाली "तात्पर्य" लिहिलं, की ती मेली.

आणि खडू_आणि_डफ, तुमच्यावरही माझा राग आहे. "साधन" हा शब्दच मला खुपतो. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केल्या, 1 लाखाच्या वर आहेत. त्या बायका कोणाला शिकवायला गात नव्हत्या, पहाटे दळताना स्वतःचं मन मोकळं करत होत्या. आता त्याच चालीवर "हात धुवा गं बाई" बसवून घेतात आणि म्हणतात लोकसाहित्यातून शिक्षण. ओवीतली बाईच काढून टाकलीत, राहिली नुसती चाल.

रातभर_दशावतार

ओवीबंद यांच्या प्रत्येक ओळीला हात जोडून अनुमोदन. आमच्याकडे सिंधुदुर्गात काय होतं ऐका. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, संध्याकाळी आख्यान ठरतं आणि नट उभ्या उभ्या संवाद रचतो, पहाटेपर्यंत. माझे मामा तिसरी नापास, पण रंगमंचावर नारद होऊन असं बोलायचे की वकील गप्प बसावा. मग एका सरकारी मोहिमेवाले आले, हातात छापील कागद, म्हणाले राजाच्या तोंडी ही 8 वाक्यं जशीच्या तशी घाला. मामांनी घातली. प्रेक्षक त्या 8 वाक्यांना उठून लघवीला गेले. मानधन मिळालं 7 महिन्यांनी, तेही तीनदा खेटे घातल्यावर. कलाकाराला पत्रक समजता आणि मग म्हणता लोककला परिणामकारक नाही.

पिंगुळीच्या चित्रकथीला (चित्रं दाखवत गोष्ट सांगतात ती) आणि कळसूत्री बाहुल्यांना आज लोक ओळखतात, परशुराम गंगावणेंना 2021 साली पद्मश्री मिळाली, अभिमान आहेच. पण जिल्ह्यातल्या किती शाळांनी तिथे नेऊन मुलांच्या हातात दोरी दिलीय?

सरळरेषा

बघा, म्हणजे तुमचेच लोक सांगतायत की साधन म्हणून वापरलं की ते चालत नाही. मी वेगळं काय म्हणालो?

सारवलेलं_अंगण, तुमचं दुःख समजतं, पण चार वर्षांच्या मुलांच्या गोष्टीत एवढं शोधायला लागलो तर एकही गोष्ट उरणार नाही. भोपळ्यातली म्हातारी वाघाशी खोटं बोलते, तीही बंद करायची का?

सारवलेलं_अंगण

मी शोधलं नाही. मला ते सापडलं, सहाव्या वर्षी, भर वर्गात. आणि बंद करा असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. 24 वर्षं शिकवता म्हणालात ना, त्या 24 वर्षांत वर्गातलं कोण नाक दाबतंय आणि कोणाकडे बघून, एवढं तरी बघितलंत का? दुःख समजतं म्हणून पुढे "पण" लावू नका, त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं.

चौथी_भिंत

थांबा जरा दोघंही. मी बालनाट्य शिबिरं घेतो, हीच गोष्ट मुलांबरोबर करतो. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलने प्रेक्षकाने नाटक मधेच थांबवून पात्राच्या जागी स्वतः उभं राहायचं ही पद्धत रूढ केली, ती इथे फार उपयोगी पडते. "चिमणे चिमणे दार उघड" आलं की मी टाळी वाजवतो, ज्याला वाटेल त्याने चिमणी व्हायचं. एका मुलीने दार उघडलं आणि कावळ्याला म्हणाली, ये, पण बाळ झोपलंय, ओरडू नको. दुसऱ्याने उघडलंच नाही, कारण त्याच्या आईने सांगितलंय घरी एकटा असताना कोणालाही दार उघडायचं नाही. त्याचंही बरोबरच की. तिसरा म्हणाला उन्हाळ्यात मेणाचं घर वितळेल, तेव्हा चिमणी शेणाच्या घरातच येणार, मग आत्ता भांडू नका. शेण आणि माती भिंतीला का लिंपतात, घर थंड का राहतं, हे सगळं त्या एका वाक्यावरून निघालं.

सरळरेषा, 55 जणांचं काय या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. जे बसलेत ते उठू शकतात हे त्यांना माहीत असलं की ते टाळ्यांसाठी बसत नाहीत, वाट बघत बसतात.

सारवलेलं_अंगण

तो तिसरा मुलगा माझ्या वर्गात हवा होता.

सरळरेषा

बरं. मी बघितलं का, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, बघितलं नसेल. तेवढं मान्य. बोलायला नको होतं तसं.

पण नाटकाचं मान्य नाही. चौथी_भिंतच्या शिबिरात 20 मुलं असतील, परीक्षा नसते, पोर्शन नसतो. आमच्याकडे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेतून शिक्षण लिहून आलं, तेव्हापासून आम्ही काय करतो तर उपक्रम करतो, फोटो काढतो, फोटो अपलोड करतो. शेकडेवारी तिथेच.

खडू_आणि_डफ

फोटोंबद्दल एक शब्द वाद नाही, मीही तेच भोगतोय. आणि ओवीबंद, "साधन" शब्दाबद्दल दोन दिवस विचार करतोय. मी गौळणीतून कृष्ण काढला, शृंगार काढला, जकात ठेवली. तुम्ही याला मोडतोड म्हणाल. माझ्या मते सत्यशोधकांनीही तेच केलं होतं, पण मी गावातल्या जुन्या सोंगाड्याला विचारायला हवं होतं, ते राहिलं. पुढच्या वेळी त्यांना वर्गात बोलावतो, पेंद्या त्यांनी करावा.

ओवीबंद

बोलवा. आणि त्यांना मानधन द्या, त्याच दिवशी.

सरळरेषा

दोन नाक्यांचं गणित सोमवारी घेणार आहे. बादली नाही, मावशी नाही, फळ्यावर. किती जण 10 टक्के म्हणतात ते इथे सांगतो.

खडू_आणि_डफ

घ्या. फक्त 38 वर आलात की लगेच उत्तर लिहू नका. मागच्या बाकावरचा कोणीतरी "2 कशाचे" म्हणेपर्यंत खडू खाली ठेवा.