डोळ्याच्या भिंगात चरबी येते कुठनं? रक्तातनं का?

येळ्ळूरची: आईला (५८) मोतीबिंदू निघालाय, कोलेस्टेरॉल पण जास्त, गोळी चालू आहे. शेजारची काकू म्हणाली रक्तातली चरबीच डोळ्यात जाऊन बसते, बघ की बुबुळाभोवती पांढरं कडं आलंय. तेव्हापासनं आईनं तूप, शेंगाचटणी सगळं बंद केलंय आणि आधी चरबी उतरू दे, मग ऑपरेशन बघू म्हणायलीय. मी बीएस्सीला आहे, भिंगात रक्तवाहिनीच नसते असं शिकलोय, मग चरबी जाते कुठनं?

खानापूरची मावशी: ते कडं कॉर्नियात असतं गं, पुढच्या काचेत. पन्नाशीनंतर बऱ्याच जणांना येतं. मोतीबिंदू बाहुलीच्या मागं, भिंगात. दोन्ही जागा वेगळ्या.

निपाणीकर: बायोकेमिस्ट्री शिकवतो म्हणून जरा लांबण लावतो. चरबी भिंगात असतेच, पण ती घरचीच. भिंगाच्या पुढच्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, त्या कडेला जाऊन लांब तंतू होतात, आणि लांब व्हायचं म्हणजे पेशीचं पटल (बाहेरचं आवरण) वाढवायला लिपिड म्हणजे चरबी लागणारच, ते त्या पेशी स्वतःच तयार करतात, कोलेस्टेरॉल पण बहुतेक तिथंच बनतं. मग तंतू केंद्रक वगैरे सगळं टाकून देतात, म्हणजे उजेडाला अडथळा नको, आणि तिथनं पुढं नवीन काही बनत नाही. मधले तंतू तर आपण जन्मायच्या आधीचे! आणि ते कोलेस्टेरॉल भिंगाला हवंच असतं. १९६२ मध्ये ट्रायपॅरानॉल नावाची कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी बाजारातनं काढावी लागली, कोलेस्टेरॉल बनवायची शेवटची पायरीच अडवत होती ती, लोकांना मोतीबिंदू झाले. वयाच्या मोतीबिंदूत गढूळ होतात ती मुख्यतः प्रोटीनं, तूप सोडून ती सुटत नाहीत.

शहापूरचा: मग आईची गोळी पण बंद करायची का सर?

निपाणीकर: अजिबात नको!! आताच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, म्हणजे स्टॅटिन, वेगळ्या. त्यांचा मोतीबिंदूशी संबंध आहे का यावर उलटसुलट अभ्यास आहेत, पण हृदयाचा फायदा पक्का आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नका.

खानापूरची मावशी: आणि मोतीबिंदू विरघळतो म्हणून लॅनोस्टेरॉल नावाच्या औषधाच्या थेंबांचं कोणी सांगितलं तर भुलू नको. २०१५ मध्ये कुत्र्यांच्या डोळ्यांवर फरक दिसला म्हणून गाजलं होतं, पण ऑपरेशन करून काढलेल्या माणसांच्या भिंगावर घालून बघितलं तर ती निवळली नाहीत.

येळ्ळूरची: मावशी, सर, दोघांचं आईला वाचून दाखवलं. कड्याचं पटलं तिला, म्हणाली मग काकूला पण सांग. ऑपरेशनची तारीख सोमवारी विचारायला जातोय.