खिशातला छोटा टॉर्च कुठला घ्यावा?

ए-२०४: एक विचारायचं होतं, रोज खिशात राहील असा छोटा टॉर्च घ्यायचाय. मोबाईलचा लाईट असतो माहितीये पण फोन कानाला असतो किंवा बॅटरी संपत आलेली असते तेव्हाच नेमका अंधार होतो 😅 ऑनलाईन बघितलं तर सगळ्यांवर हजार नाहीतर दोन हजार लुमेन (उजेडाचं माप) लिहिलंय, काही कळेना

ए-७०२: ज्याचे लुमेन जास्त तो घ्या दादा, विषय संपला

सी-५०१: विषय नाही संपत रे. एवढ्याशा बॉडीत हजार लुमेन एक-दोन मिनिटं टिकतात, तापला की सर्किट आपोआप उजेड उतरवतं. आणि डबीवर जो रनटाईम असतो तो एएनएसआय एफएल१ या टॉर्च मोजायच्या मानकाप्रमाणे मोजलेला असेल तर चालू केल्यावर ३० सेकंदांनी जेवढा उजेड होता त्याच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ धरतात, म्हणजे दोन तास लिहिलेल्यात सुरुवातीला झगझगाट आणि पुढे नुसतं मिणमिणणं असंही निघू शकतं. मी तर आधी सगळ्यात कमी मोड किती लुमेनचा ते बघतो.

ए-७०२: काका टॉर्च घेतोय की झिरोचा बल्ब 😂

सी-५०१: रात्री दोनला उठून कपाटात औषध शोध मग सांग. डोळे अंधाराला पुरते सरावायला २०-३० मिनिटं लागतात, पांढऱ्या भिंतीवर भसकन लाईट पडला की सगळं परत पहिल्यापासून, शिवाय शेजारी झोपलेला माणूस उठून बसतो ते वेगळंच. एक लुमेनच्या आतला मोड असेल तर फारच छान, पाचचा पण चालतो.

ए-३०१: पार्किंगमध्ये पांढऱ्या गाडीचे लाईट चालू राहिलेत, कोणाची आहे बघा प्लीज

बी-१०३: आमचीच, थँक्यू 🙏 टॉर्चचं चाललंय तर एक सांगते, सीआरआय पण बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा. साधा निळसर एलईडी ७० च्या आसपास असतो, त्यात मीटरच्या बॉक्समधली लाल वायर आणि ब्राऊन वायर पटकन वेगळी ओळखू येत नाही, अगदी नाक लावून बघावं लागतं. मुलाच्या अंगावर पुरळ आलंय का तेही त्या लाईटमध्ये धड दिसत नाही. ९० च्या वरचा घ्या, लुमेन थोडे कमी मिळतात पण दिसतं खरं. निचिया ५१९ए एलईडी लिहिलेलं असेल तर रंगाची काळजी नाही.

ए-२०४: हे माहितीच नव्हतं ताई. आणि सेलचा घेऊ की यूएसबी चार्जिंगवाला?

सी-५०१: मी सेलवाला. आत बसवलेली बॅटरी गेली की बहुतेक वेळा अख्खा टॉर्चच गेला. फक्त अल्कलाइन सेल घालून महिनोन् महिने विसरू नकोस, ते गळतात आणि स्प्रिंगवर पांढरी बुरशी चढल्यासारखं होतं, मग टोपी फिरता फिरत नाही. एनआयएमएच (निकेल मेटल हायड्राइड) रिचार्जेबल सेल घाल, एनेलूप ब्रँडसारखे, पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवतात.

बी-१०३: काका ते १४५०० सेलचं पण सांगा, लोक घोळ घालतात

सी-५०१: हो हो. १४५०० सेल दिसायला डबल ए (पेन्सिल सेल) एवढाच पण लिथियम आयन, ३.७ व्होल्टचा, फुल चार्जला ४.२. टॉर्चवर १४५०० चालतो असं लिहिलं असेल तरच घालायचा, नाहीतर सर्किट जळू शकतं. भिंतीवरच्या घड्याळात वगैरे तर अजिबात नको.

ए-७०२: माझ्याकडे एक स्वस्तातला आहे टाईप सी वाला, पण लॅपटॉपच्या चार्जरने चार्जच होत नाही, जुन्या चौकोनी पिनच्या केबलने होतो

बी-१०३: पोर्टमागे ५.१ किलो ओहमचे दोन रेझिस्टर लागतात ते वाचवले असतील, त्याशिवाय सी टू सी (दोन्ही टोकांना टाईप सी) केबलवर चार्जर करंट सोडतच नाही. जुनी केबल जपून ठेव 😀

ए-२०४: बटण कुठं असलेलं बरं? एका हातात सामान असतं नेहमी

सी-५०१: मग फिरवून चालू होणारे बाद, एका हातात सामान असेल तर दातात धरावा लागेल. मागे बटण असलेला घे. बाजूला बटण असलेले खिशात दाबले जातात आणि मांडीला चटका बसला की कळतं, तसला घेतलास तर मागची टोपी पाव वळसा सैल करून ठेवायची, बऱ्याच टॉर्चमध्ये आट्यांवर ॲनोडायझिंग (वीज न जाणारा थर) असतं त्यामुळे तेवढ्यानं कनेक्शन तुटतं. माझ्या खिशात ओलाइट आय३टी असतो, एक ट्रिपल ए सेल, मागे बटण, १८० आणि ५ लुमेन, संपलं. सोफर्न एसपी१० प्रो मध्ये डबल ए आणि १४५०० दोन्ही चालतात, रंगही चांगले दिसतात, पण बटण बाजूला आणि किती क्लिकला काय होतं ते पाठ करत बसावं लागतं. घरात दुसऱ्या कोणाच्या हातात दिला की तो लुकलुकायलाच लागतो.

ए-२०४: मग मागे बटणवाला, डबल ए, ९० सीआरआय असा शोधतो. विमानात चालेल ना सोबत?

बी-१०३: टॉर्च चालतो, सुटे लिथियम सेल असतील तर ते केबिन बॅगेत, डबीत घालून, चेक-इनमध्ये नाही.

ए-७०२: काका तो एसपी१० वापरत नसाल तर संध्याकाळी बघायला येऊ का

सी-५०१: ये. क्लिक पाठ करून ये.