त्रिज्या २०% वाढली, उंची २०% घटली, तर घनफळ?

प्रश्न: वृत्तचितीची त्रिज्या २०% वाढवली, उंची २०% कमी केली. घनफळ तेवढंच राहायला हवं ना? उत्तरसूचीत १५.२% वाढ दिलीय.

उत्तर १: उत्तरसूची बरोबर आहे. घनफळाच्या सूत्रात (π × त्रिज्या² × उंची) त्रिज्येचा वर्ग असतो, उंची एकदाच येते. टक्क्यांची वजाबाकी सोडा, पटीत लिहा: १.२ × १.२ × ०.८ = १.१५२. पाय (π), मूळ त्रिज्या, मूळ उंची सगळं छेदून जातं. २२/७ मध्ये शिरूच नका!

उत्तर २: पडताळा हवा तर दोन्ही १० सेमी धरा. आधी १००० पाय, नंतर १४४ × ८ = ११५२ पाय.

उत्तर ३: याचाच भाऊ म्हणजे तारेचं गणित. २ सेमी व्यासाची १ मीटर सळई ओढून २ मिमी व्यासाची तार केली. घनफळ तेच, व्यास दहावा हिस्सा, म्हणून लांबी १०० पट: १०० मीटर. व्यासाची त्रिज्या करायची गरज नाही, गुणोत्तर तेच राहतं. पण एककं न बघता २ ला २ ने भागलंत की फसलात.

प्रश्नकर्ता: मग माझ्या गणितात घनफळ तेवढंच ठेवायचं तर उंची किती?

उत्तर १: १ ÷ १.४४, म्हणजे साधारण ०.६९४ पट. जवळपास ३०.६% घट.